लांडग्याला केस फुटताना

फर कोरायचं माझ्या मनात मुळीच नव्हतं. मला फक्त एका अंगठ्याएवढ्या सैनिक-बाहुलीत लांडग्याचं डोकं माणसाच्या धडावर बसवायचं होतं. बाहुल्यांच्या एका संचातलं धड, दुसऱ्यातलं डोकं, मध्ये सुपरग्लूचा थेंब. डोकं बसलं, पण मानेभोवती अशी फट राहिली की हा लांडगा आहे की लांडग्याचा मुखवटा चढवलेला सैनिक, ते काही कळेना. फट बुजवायला पुट्टी आणली आणि पुट्टी दिसू नये म्हणून तिच्यावर केस काढायला बसलो. अशा बाहुल्यांच्या कल्पनेतल्या सैन्यांत एवढे केसाळ प्राणी का असतात आणि जो तो खांद्यावर कातडं टाकून का हिंडतो, याचं निम्मं उत्तर मला त्या दिवशी मिळालं. सांधा झाकायला आयाळीसारखी दुसरी सोय नाही.

पुट्टी म्हणजे आपली ग्रीन स्टफ, दोन भाग एकत्र मळले की हळूहळू कडक होणारी इपॉक्सी. एक निळी पट्टी, एक पिवळी, दोन्ही सारख्या घेऊन रंगाच्या रेघा जाईपर्यंत मळायच्या की हिरवा गोळा तयार. पिवळी जरा जास्त पडली तर गोळा मऊ आणि चिवट होतो, निळी जास्त पडली तर ताठ. चिलखताच्या कडांना निळी बरी, फरला पिवळी. दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवलेल्या मिळतात, तेव्हा त्यांच्या मधली रेघ आधीच थोडी कडक झालेली असते. ती कापून फेकायची असते. मी काटकसर केली. लांडग्याच्या नेमक्या गळ्यात खडा आला.

पहिली आयाळ मी क्राफ्ट नाइफच्या टोकाने कोरली. सरळ, समांतर, एकसारख्या रेघा, अगदी मन लावून. झालं काय, तर लांडग्याच्या मानेवर नांगरलेलं शेत. प्राणी रानातून धावत आलाय असं वाटायला हवं होतं. हा तर तेल लावून, चापूनचोपून विंचरून बसवलेला.

चूक हाताची नव्हती, हिशोबाची होती. ही बाहुली २८ मिलिमीटरची, म्हणजे पायापासून डोळ्यापर्यंत २८. खऱ्या माणसाच्या साधारण साठाव्या हिश्शाची. माणसाचा केस ढोबळमानाने ०.०७ मिलिमीटर जाड धरला, तर या मापात तो ०.००१ मिलिमीटरच्या आसपास भरेल. तेवढी रेघ कोरणारं हत्यार माझ्याकडे नाही आणि ती पाहणारा डोळाही नाही. म्हणजे केस कोरण्याचा प्रश्नच मिटला. कोरायच्या त्या बटा. आणि खरं तर बटाही नाहीत, दोन बटांमधला अंधार.

हे कळलं ते मांजराकडे बघून. घरात मांजर असूनही मी तिच्याकडे त्या नजरेने कधी पाहिलं नव्हतं. नाकावर लव इतकी आखूड की जवळजवळ नाहीच. कपाळावरून मागे जाताना ती लांब होत जाते, गालांवर बाहेर फेकली जाते, छातीवर खाली उतरते आणि दोन्ही बाजूंनी येऊन मधोमध एक कंगोरा धरते. पुढच्या पायाच्या कोपराशी केसांची दिशाच बदलते, तिथे छोटा भोवरा असतो. मान वळवली की आतल्या बाजूला पुंजके एकमेकांवर चढतात आणि बाहेरच्या बाजूला फाकतात. हे सगळं बघताना मांजरीने मला बराच वेळ सहन केलं, मग उठून गेली.

दुसऱ्या खेपेला सुरुवात खालून केली. कौलं शाकारतात तसं : आधी छातीवरची खालची ओळ, तिच्या मुळांवर वरच्या ओळीची टोकं. सगळी पुट्टी एकदम थापायची नाही, नखाएवढीच घ्यायची. आणि मळल्या मळल्या हात लावायचा नाही, कारण ताजी पुट्टी हत्याराला लोंबते, बट ओढायला जावं तर सगळी मानच सोबत येते. वीस-तीस मिनिटं थांबलं की तिचा चिकटपणा उतरतो आणि काढलेली रेघ राहते. ही वीस मिनिटं माझ्याच्याने निघत नाहीत. दर दोन मिनिटांनी बोट लावून बघतो. लांडग्याच्या पाठीवर माझ्या अंगठ्याचा ठसा आहे, तो त्या बघण्यातूनच आलेला. आता बाहुलीच्या पायात तार घालून ती बुचात खोचतो आणि बुच धरूनच काम करतो.

हत्यार म्हणाल तर दंतवैद्याच्या हत्यारासारखं एक बाकदार टोक आणि एक बोथट केलेली सुई. दोन्ही पाण्याने ओली ठेवायची. बरेच जण हत्यार चक्क जिभेला लावतात; कच्च्या इपॉक्सीने काहींच्या कातडीला त्रास होतो, तेव्हा जिभेचं तर विचारूच नका. आधी बाकदार टोकाने मोठे पुंजके पाडायचे, कुठे लांब, कुठे आखूड, कुणाचं टोक डावीकडे वळलेलं. मग सुईने प्रत्येक पुंजक्यात दोन-तीनच रेघा, मुळाशी खोल आणि टोकाकडे उचलत नेलेल्या. चौथी रेघ काढायची जबर इच्छा होते. ती काढली की पुन्हा नांगरणी.

हे सगळं तासा-दीड तासात उरकायचं. त्यानंतर पुट्टी रबरासारखी होते आणि ऐकत नाही. पूर्ण कडक व्हायला साधारण एक दिवस. मग रंग. पातळ गडद रंग सोडला की तो आपसूक खाचांत उतरतो. कोरड्या ब्रशने फिका रंग वरवर फिरवला की तो कंगोऱ्यांनाच लागतो. खाच उथळ असेल तर दोन्ही रंग मिसळून नुसता राखाडी चिखल होतो. म्हणजे सुई जिथे घाबरली तिथे ब्रशही काही करू शकत नाही.

लांडगा आता उभा आहे. मान भरली, फट गेली, गळ्यातला खडा आयाळीखाली झाकला. फक्त डाव्या खांद्यावर एक बट बाकीच्यांपेक्षा ताठ दिसत होती. भिंग लावून पाहिलं तर ती माझी नव्हतीच. मांजरीचा एक केस पुट्टीत रुतून तसाच कडक झाला होता. अस्सल, एकुलता एक खरा केस, आणि लांडग्याच्या मापात सुतळीएवढा जाड. चिमट्याने उपटला आणि तिथे सुईने तीन रेघा मारायला नवी पुट्टी मळायला घेतली.