नमते घेतले तर ऐकणार कोण?

चर्चमधली उपासना संपल्यावर, मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीच्या बैठकीनंतर, एकदा तर लग्नाच्या पंगतीतही मला हा प्रश्न आला आहे : “पाळकसाहेब, तुम्ही इतके नमते घेता, मग मंडळी तुमचे ऐकणार कशी?” आता तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून लिहितो.

नमते घेणे आणि नम्र असणे यांत मी फरक करतो. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो, हे सर्वांना ठाऊक असते. पण त्यानंतर पुन्हा बसल्यावर, तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते योग्यच आहे, असेही तो स्पष्ट सांगतो, तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. गुरुपद न सोडता त्याने पाय धुतले, आणि त्यांत त्याला धरून देणाऱ्या यहूदाचेही पाय होते. (उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी आम्ही हा विधी करतो, तेव्हा निवडलेले सभासद घरूनच पाय घासून येतात!)

पंडिता रमाबाईंचे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. ज्यांच्या संस्कृत विद्वत्तेवर प्रसन्न होऊन १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, त्याच बाईंनी पुढे निराधार स्त्रियांसाठीच्या केडगावच्या मुक्ती मिशनचा कारभार सांभाळत, हिब्रू आणि ग्रीक शिकून, पवित्र शास्त्राचे, म्हणजे बायबलचे, भाषांतर केले ते साध्या बायकांना कळेल अशा सोप्या मराठीत. पांडित्य मिरवण्याची याहून मोठी संधी त्यांना कोणती मिळणार होती? आणि केडगावात त्यांचा शब्द चालत नव्हता, असे कोणी म्हणणार नाही.

माझी गोष्ट मात्र निराळी आहे. व्यासपीठावरून ‘मी अपात्र सेवक’ म्हणताना मला कधी अडखळायला झाले नाही. पण एका वर्षी आमच्या खजिनदारबाईंनी माझ्या प्रवासखर्चाची पावती मागितली, तेव्हा मला इतका राग आला की पुढचे दोन रविवार मी त्यांच्याशी नीट बोललो नाही. पावती माझ्याकडे नव्हती, हे तिसऱ्या रविवारी कबूल केले. तेव्हापासून दर महिन्याला त्यांनी मागण्याआधीच मी पावत्या त्यांच्यापुढे ठेवतो. त्या चष्मा लावून एकेक पावती तपासतात, तेव्हा माझ्या कपाळाला आठी पडत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही.