तुम्ही विचारलंत म्हणून: थोड्या पैशांचा पोकर कुठे शिकावा?

मी बडोद्यात महाविद्यालयीन मुलांच्या संख्याशास्त्राच्या शिकवण्या घेतो, संभाव्यता शिकवताना पत्त्यांचा कॅट हाताशी ठेवतो आणि रविवारी संध्याकाळी काही जणांबरोबर पोकर खेळतो, एवढे कळले की समोरचा माणूस आवाज जरा खाली आणून विचारतो, ‘‘सर, नवशिक्याने ऑनलाइन, अगदी थोडे पैसे लावून, सराव कुठे करावा?’’ विद्यार्थी विचारतात, त्यांचे थोरले भाऊ विचारतात, मागे एका साखरपुड्यात जेवणाच्या पंगतीत शेजारच्या गृहस्थांनी विचारले. तोंडी उत्तर दिले की त्यातले सोयीचे तेवढेच ऐकले जाते, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

पैसे लावून, कुठेही नाही. हे मी सोवळेपणाने सांगत नाही. पोकर हा विचाराचा खेळ आहे हे माझे मत कालही होते आणि आजही आहे. बावन्न पानांतून हातात येणाऱ्या दोन पानांच्या 1326 जोड्या होतात आणि त्यांतल्या फक्त 6 जोड्या एक्क्यांच्या असतात. म्हणजे दोन एक्के सरासरी 221 डावांतून एकदा येतात. उरलेल्या डावांत काय करायचे हे ज्याला कळते, त्यालाच हा खेळ कळतो. मात्र कायदा माझ्या मताची वाट पाहत बसलेला नाही. गुजरात उच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्येच पोकरला कौशल्याचा खेळ मानण्यास नकार दिला होता. पुढे 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्याला 22 ऑगस्ट रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि त्यात कौशल्य की नशीब हा वादच निकालात काढून पैसे लावायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद ठरवले गेले. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, हे वाक्य मात्र सगळ्यांना पाठ असते. त्याच्या आधारावर मला परदेशी संकेतस्थळांचे पत्ते विचारले जातात. ज्याच्याकडे तुम्ही आपली ओळखपत्रे आणि पैसे ठेवणार, त्याने उद्या खाते गोठवले तर तक्रार कोणाकडे नेणार, एवढेच मी उलट विचारतो.

बिनपैशाचा सराव मात्र भरपूर करता येतो. पोकरटीएच नावाचा मुक्त स्रोत प्रोग्रॅम संगणकावर फुकट घेता येतो आणि त्यात संगणकच प्रतिस्पर्धी होऊन बसतो. कधी फोल्ड करायचे (पाने टाकून डाव सोडायचा), ब्लाइंड (पाने पाहण्याआधी दोघांनी लावायच्या ठरलेल्या रकमा) कसे फिरतात, फ्लॉप, टर्न आणि रिव्हर (टेबलावर उघडली जाणारी सामाईक पाने: आधी तीन, मग एक, मग शेवटचे एक) यांचा क्रम काय, हे अंगवळणी पडायला तो पुरेसा आहे. नंतर माणसांबरोबर खेळावेसे वाटले तर रीप्ले पोकर किंवा झिंगा पोकर यांसारख्या ठिकाणी खोट्या चिप्स मिळतात. तिथेही चिप्स विकत घेण्याचे बटण दाखवले जाते, ते दाबू नये. त्या चिप्सचे पुन्हा रुपये होत नाहीत.

यावर तुमचा आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो माझाच होता. फुकटच्या टेबलावर कोणी फोल्डच करत नाही, सातजण सातही डावांत शेवटपर्यंत जातात, मग त्यातून काय शिकायचे? पुण्यात नोकरीला असताना मी सगळ्यांना सांगत असे की एक-दोन रुपयांच्या ब्लाइंडचे टेबल ही शिकवणीची फी आहे आणि दोनशे रुपयांत इतके शिकवणारा गुरू दुसरा नाही. दिवाळीला बडोद्याला आलो की ॲप माझे ठिकाण ओळखून पैशांचे टेबल उघडू देत नसे, तेव्हा मी वकिलीतल्या मामांशी तावातावाने भांडत असे. त्या वेळच्या मला आज हिशेब दाखवावासा वाटतो. सहा जणांच्या टेबलावर प्रत्येकी 200 प्रमाणे 1200 रुपये आहेत. तासाला साठ डाव होतात, सरासरी पॉट, म्हणजे डावात जमलेली रक्कम, पंचवीस रुपयांचा आहे आणि त्यातून पाच टक्के रेक, म्हणजे ॲपवाल्याचा वाटा, कापला जातो. म्हणजे तासाला 75 रुपये टेबलाबाहेर गेले. कोणी कितीही चांगले खेळो, सोळा तासांत ते 1200 रुपये संपले. माझ्या वहीत अकरा महिन्यांचे सुमारे 38,000 डाव लिहिलेले आहेत. इतरांकडून मी 5,200 रुपये जिंकलो होतो आणि माझ्या वाट्याचा रेक 7,900 रुपये झाला होता. तोटा 2,700 रुपयांचा, पण त्यामागे सहाशेहून अधिक तास गेले होते. पुढे ऑक्टोबर 2023 पासून भरलेल्या रकमेवर 28 टक्के जीएसटी आला, तो तर मी पाहिलाही नाही. मी त्याआधीच थांबलो होतो.

थांबलो ते हिशेबामुळे, असे मी लोकांना सांगतो. ते पूर्ण खरे नाही.

फेब्रुवारी 2022 मध्ये आई पंधरा दिवसांसाठी पुण्याला माझ्याकडे आली होती. एका रात्री जेवणे झाल्यावर मी दार ओढून घेऊन बसलो. दहाच्या सुमारास हातात दोन एक्के आले. समोरच्याने रेझ केला, म्हणजे रक्कम वाढवली, मी आणखी वाढवली, त्याने ऑल-इन केले, म्हणजे होते नव्हते ते लावले, आणि मी कॉल केले, म्हणजे तेवढेच लावले. त्याच्याकडे दोन राजे होते. अशा वेळी एक्के शंभरातून साधारण 82 वेळा जिंकतात. रिव्हरवर बदामाचा राजा आला आणि 200 रुपये गेले. इथपर्यंत माझे काहीही चुकले नव्हते, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. त्यानंतर मी पाच-दहा रुपयांच्या ब्लाइंडच्या टेबलावर हजार रुपये घेऊन बसलो. कारण एकच होते, ते 200 परत हवे होते. ते हजार गेले, आणखी हजार भरले, ते गेले, पुन्हा भरले. पोकरमध्ये याला टिल्ट म्हणतात आणि तो शब्द मी इतरांना समजावून देत असे. पावणेपाचला संगणक बंद केला तेव्हा वहीत 3,200 असा आकडा होता. माझ्या तेव्हाच्या पगारात ही रक्कम मोठी नव्हती.

सकाळी आईने विचारले, ‘‘रात्रभर दिवा दिसत होता दाराखालून. काम होतं का रे?’’ मी ‘हो’ म्हटले. तिने आले घालून चहा केला, माझ्या खोलीचा पडदा ओढला आणि मी पडून राहिलो. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, ती मावशीशी फोनवर बोलत होती. ‘‘बिचारा पहाटेपर्यंत बसला होता गं. फार पिळून घेतात मुलांना.’’ मावशीने काही विचारले असावे, त्यावर ती म्हणाली, ‘‘नाही, तक्रार करत नाही तो.’’ तिच्या आवाजात काळजी होती आणि थोडा अभिमानही होता. मी भिंतीकडे तोंड करून ते ऐकले. त्या संध्याकाळी मी खाते बंद केले.

‘थोडे पैसे’ म्हणताना तुम्ही रुपयांपुरते बोलत असता, म्हणून मला राग येतो. रागावण्याचा मला अधिकार आहे का, हे मात्र मला नीट सांगता येत नाही.

आमच्याकडे रविवारी चिंचोके लावून खेळतात. श्रावणात आठमच्या, म्हणजे जन्माष्टमीच्या, आसपास गल्लोगल्ली पत्ते बसतात आणि वर्तमानपत्रात छाप्यांच्या बातम्या येतात, तेव्हाही आमच्या पाटावर चिंचोकेच असतात. नियम एकच आहे, कॉल करण्याआधी कागदावर आकडेमोड करायची. परवा पॉटमध्ये 60 चिंचोके असताना एकाने 30 लावले. दुसऱ्याकडे इस्पिकाची चार पाने झाली होती, पाचवे आले तर तो जिंकणार होता आणि एकच पान यायचे होते. तीस घालून एकूण 120 चा पॉट मिळणार, म्हणजे चारांतून एकदा तरी जिंकायला हवे. उपयोगाची पाने 46 पैकी 9, म्हणजे वीस टक्क्यांहूनही कमी. त्याने हे सगळे अचूक लिहिले आणि तरी कॉल केले. इस्पिकाची सत्ती आली. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मी त्याला तो कागद पुन्हा वाचायला लावला, तेव्हा तो म्हणाला, ‘‘सर, तीस रुपये असते तर मी फोल्ड केलं असतं.’’

त्याचे म्हणणे खरे होते. तिसऱ्यांदा हजार भरताना बोटांना जो कंप सुटतो, तो चिंचोक्यांनी मला कधी कळला नसता. पुण्यातला तो मी याच मुद्द्यावर माझ्याशी भांडतो आणि त्याला द्यायला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. तरीही मला विचारणाऱ्याला मी पोकरटीएचचे नाव सांगतो आणि रविवारी ये म्हणतो.

चिंचोके आई पुरवते. चैत्रात वर्षाची चिंच फोडून झाली की ती ते धुऊन, उन्हात वाळवून बरणीत भरून माझ्या टेबलावर ठेवते, ‘‘तुझ्या मुलांसाठी’’ म्हणून. पुण्यातल्या त्या रात्री मी काय करत होतो, ते मी तिला अजून सांगितलेले नाही.