आरएफओ नावाची न जोडलेली पिन

आधी एक सांगून टाकतो, नाहीतर विसरेन. लोराच्या (कमी विजेवर लांब पोचणाऱ्या रेडिओच्या) मॉड्यूलवर अँटेना लावल्याशिवाय ट्रान्समिट करू नका, टेबलावर 'नुसतं बघायला' म्हणूनही नाही. एक मॉड्यूल मी असंच घालवलं.

मामांची द्राक्षबाग दिंडोरीकडे आहे. जमिनीतला ओलावा मोजून रेडिओने कळवणारे सहा नोड बागेत आणि त्यांचं ऐकणारा गेटवे मोटारीच्या खोलीत, असा मांडणीचा बेत. प्रत्येक नोडमध्ये प्रो मिनी हा छोटा अर्डुइनो बोर्ड, लोराचं आरएफएम ९५ मॉड्यूल (आत सेमटेकची एसएक्स १२७६ चिप) आणि एक १८६५० लिथियम सेल. सेन्सर, डबे, प्रोग्रॅम हे सगळं तीन रविवारांत उरकलं. गोडी (फळांसाठीची) छाटणी नुकतीच झाली होती, बाग उघडी होती. पाठवण्याची पॉवर १७ डीबीएम (डीबीएम हे रेडिओच्या ताकदीचं माप) ठेवली आणि सगळ्यात लांबचा नोडही पहिल्या झटक्यात बोलला.

दीड महिन्यात सेल बसले. मामा म्हणाले, "दर दीड महिन्याला डबे खोलायचे असतील तर मीच बोटाने माती बघत जाईन, तुझी यंत्रं कशाला?"

हे लागलं. डेटाशीट काढली. चिपला पाठवण्याच्या दोन वाटा आहेत: पीए बूस्ट आणि आरएफओ. पीए बूस्टमधून १७ डीबीएमला ८७ मिलीअँपिअर, आरएफओमधून १३ डीबीएमला फक्त २९. म्हणजे ४ डेसिबल सोडले की करंट एक तृतीयांश! प्रोग्रॅममध्ये एकच शब्द बदलायचा होता. बदलला. टेबलावर दोन मीटरवरून पॅकेट व्यवस्थित येत होती, आरएसएसआय (पोचलेल्या सिग्नलची ताकद) उणे ६२. मीटरवर करंटही तिशीच्या आसपास. (एसएफ म्हणजे लोराचं एक सेटिंग; आकडा वाढवला की सिग्नल लांबून ऐकू येतो, पण पॅकेटला वेळ जास्त लागतो. एसएफ ७ ला २० बाइटचं पॅकेट ५७ मिलीसेकंदांत संपतं, साध्या मल्टिमीटरला ते दिसत नाही. मोजायचं असेल तेव्हा एसएफ १२ ला सलग पाठवत ठेवा.) खूश होऊन सहाही नोड बागेत परत टांगले.

जवळचे दोन अधूनमधून बोलायचे. बाकीचे चार गप्प.

इथून पुढचे दोन आठवडे मला अजून आठवतात. डिसेंबर उजाडला होता, मांडव पानांनी गच्च भरलेला. पानांतलं पाणी रेडिओ लहरी खातं, हे खरंच आहे, त्यामुळे संशय लगेच पानांवर गेला. कारण पटण्यासारखं असलं की माणूस पुढे बघतच नाही. मग मांडवाच्या तारांवर संशय. बांबू बांधून अँटेना मांडवाच्या वर काढली, फरक नाही. एसएफ ७ चा १२ केला, तेव्हा लांबचे दोन नोड कण्हत कण्हत आले. पण ५७ मिलीसेकंदांचं पॅकेट आता १.३ सेकंदांचं झालं होतं. २९ मिलीअँपिअरने १.३ सेकंद म्हणजे आधीच्या ८७ मिलीअँपिअरच्या पॅकेटपेक्षा साडेसातपट खर्च. वाचवायला निघालो होतो!

जिथून मॉड्यूल घेतली तिथे फोन केला. "सर, अँटेना बदला." मागवली, कुरिअरला चार दिवस, काही फरक नाही. परत फोन. "सर, मग गेटवेची अँटेना बदला." तीही बदलली. तिसऱ्यांदा फोन उचललाच नाही.

शेवटी एका रात्री चिडून दोन नोड शेजारी ठेवले, एकात जुना प्रोग्रॅम, दुसऱ्यात नवा. दोघेही गेटवेपासून दोन मीटरवर. जुना उणे २८, नवा उणे ६२. अपेक्षित फरक ४ डेसिबल, प्रत्यक्षात ३४. म्हणजे अडीच हजार पटींनी कमी. हा उणे ६२ मी पहिल्याच दिवशी पाहिला होता आणि 'ठीक आहे' म्हणालो होतो.

मॉड्यूलचं सर्किट शोधलं. चिपमधून वाटा दोन निघतात, पण या मॉड्यूलवर अँटेनापर्यंत फक्त पीए बूस्टची येते. आरएफओची पिन कुठेच जोडलेली नाही. माझे १३ डीबीएम चिपच्या दारातच थबकले होते, आणि दोन मीटरवर जे ऐकू येत होतं ती नुसती गळती होती. दुकानदाराने चौथा फोन उचलला. "हो सर, त्यात ते चालत नाही, सगळ्यांना माहीत आहे." सगळ्यांना! मग अँटेना कशाला विकल्यास बाबा मला?

तर या मॉड्यूलवर पीए बूस्टच ठेवा आणि २ ते १७ डीबीएममध्ये खेळा. २० ची सोयही आहे, पण ती वेगळी चालू करावी लागते. करंट १२० मिलीअँपिअरला जातो आणि चिपची करंटमर्यादा मुळात १०० वर असते, तीही वाढवावी लागते. शिवाय १ टक्क्याहून जास्त वेळ पाठवता येत नाही. आमच्या बागेला गरज पडली नाही.

आता गेटवे प्रत्येक पोचपावतीबरोबर एसएनआर (सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे ते) परत पाठवतो. एसएफ ७ ला उणे ७.५ डेसिबल ही ऐकू येण्याची हद्द. त्याहून १० डेसिबल वर असलो तर नोड २ डीबीएम उतरतो, तेही सलग दहा पोचपावत्या मिळाल्यावरच. दोन पोचपावत्या चुकल्या की एकदम ६ चढतो. सकाळी दव असतं तेव्हा चढतो, दुपारी उतरतो.

आणि सेल? ते पॉवरमुळे बसतच नव्हते. १५ मिनिटांतून एकदा ८७ मिलीअँपिअर, ५७ मिलीसेकंद, म्हणजे ५ मिलीअँपिअर-सेकंद. प्रो मिनीवरचा लाल दिवा आणि रेग्युलेटर तेवढ्याच वेळात १८०० खात होते. दिवा ब्लेडने खरवडून काढला, रेग्युलेटर उपसला. याला एक दुपार लागली. हे काम सगळ्यात आधी करा.

सहापैकी चार नोड आता ८ डीबीएमच्या खाली असतात. विहिरीकडचा एक मात्र १७ वरून उतरायला तयार नाही. मामा म्हणतात, भाच्यावर गेलाय.