दहा पौंडांचा चाप: पिस्तुलाच्या परवान्यापासून सेफ्टीपर्यंतचा माझा अनुभव

मॅसॅच्युसेट्समध्ये पिस्तुलाच्या परवान्यासाठी कोर्सला बसले तेव्हापासून मला झेपेल असं पिस्तूल हाती येईपर्यंत सव्वा वर्ष गेलं. परवान्याचे महिने कंटाळवाणे होते, पण पुढे काय करायचं ते तरी कळत होतं. खरी अडचण पिस्तूल घरी आल्यावर सुरू झाली, आणि ती एका स्प्रिंगमध्ये होती. इथल्या मराठी मैत्रिणींपैकी दोघीतिघींनी अलीकडे मला याबद्दल विचारलं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

मी मूळची साताऱ्याची. कॉलेजात एनसीसी होती, तिथे पॉइंट टू टू रायफल चालवली. पोटावर झोपायचं, कोपरं मातीत रुतवायची, अर्धा श्वास सोडून धरायचा. उस्ताद मागून येऊन एकच गोष्ट सांगायचे, “ट्रिगर खींचो मत, दबाओ.” माझं ग्रुपिंग, म्हणजे सगळ्या गोळ्यांची भोकं एकमेकांजवळ पडणं, चांगलं यायचं आणि त्याचा मला फार अभिमान होता. लग्नानंतर इकडे आले, नोकरी, घर, मूल यात वीस वर्षं ते सगळं मागे पडलं. वूस्टरजवळच्या आमच्या गावापासून वीस मिनिटांवर नेमबाजीचा एक क्लब आहे हे कळलं, तेव्हा पुन्हा ओढ लागली.

सप्टेंबर २०२१ मध्ये राज्याने ठरवून दिलेला सुरक्षेचा कोर्स केला. एका शनिवारी दिवसभर वर्ग. नळीची दिशा, काडतुसं कुठे ठेवायची, कायदा काय म्हणतो. त्या वेळी एकही गोळी न झाडता हा कोर्स पूर्ण होऊ शकत होता. आमचे प्रशिक्षक सत्तरीचे होते, त्यांनी स्वतःहून संध्याकाळी सगळ्यांना रेंजवर नेऊन पॉइंट टू टूच्या पिस्तुलाने दहा दहा गोळ्या झाडायला लावल्या. २०२४ च्या नव्या कायद्यात प्रत्यक्ष गोळीबाराचा भाग कोर्समध्ये घातला आहे. मला ते अतिशय योग्य वाटतं.

ऑक्टोबरमध्ये अर्ज केला. इथे परवाना गावचे पोलीस देतात. शंभर डॉलर फी, बोटांचे ठसे, फोटो, मुलाखत. कारण विचारलं, मी ‘टार्गेट शूटिंग’ लिहिलं. कायद्यात चाळीस दिवसांची मुदत आहे, माझं कार्ड चार महिन्यांनी आलं. दोनदा फोन केला, दोनदा “अजून राज्याकडून आलं नाही” हेच उत्तर. फेब्रुवारी २०२२ मध्ये कार्ड मिळालं, त्यावर ‘टार्गेट अँड हंटिंग’, म्हणजे फक्त नेमबाजी आणि शिकार, अशी मर्यादा छापलेली. जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कच्या परवाना कायद्यावरचा ‘ब्रुएन’ निकाल दिला आणि अशा मर्यादा इथेही गळून पडल्या. मला क्लबला जायचं होतं आणि परत यायचं होतं, त्यामुळे आधीही अडलं नव्हतं, नंतरही फरक पडला नाही.

मार्चमध्ये दुकानात गेले. नऊ एमएमचं एक आटोपशीर पिस्तूल माझ्या हाताला बसलं. रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढून पाहिला तर तर्जनी अर्ध्यातच थांबली. दुकानदाराला विचारलं, हा इतका कडक का? तो म्हणाला, “या राज्यात सगळी अशीच मिळतात, सवय होईल.” मी विश्वास ठेवला. हेच पिस्तूल दुसऱ्या रूपात, साध्या चापासह आणि अंगठ्याच्या सेफ्टीसह (अंगठ्याने खाली केल्याशिवाय चाप सुटू न देणारा खटका), याच राज्यात कायदेशीरपणे मिळतं हे त्याने सांगितलं नाही. ते मला नऊ महिन्यांनी कळलं.

पहिल्या दिवशी दहा यार्डांवर कागद लावला. दहापैकी सात गोळ्या खाली डावीकडे, एक कागदाबाहेर. वाटलं, वीस वर्षांचा खंड आहे, होईल ठीक. पण पाचव्या आठवड्यातही तेच. प्रशिक्षकांनी माझ्या नकळत मॅगझिनमध्ये एक खोटं काडतूस घातलं. मी चाप ओढला, आवाज झाला नाही, आणि नळीचं तोंड चांगलं बोटभर खाली गेलेलं मला स्वतःला दिसलं. मी इतकी वर्षं जे दाबत होते ते आता खेचत होते.

यामागचं गणित साधं आहे. भरलेलं पिस्तूल पाऊण किलोचं. चाप ओढायला लागणारा जोर साडेचार किलोच्या वर, म्हणजे पिस्तुलाच्या वजनाच्या सहापट. तर्जनी एवढा जोर लावते तेव्हा बाकीची बोटंही आपोआप आवळतात आणि उजव्या हाताने धरलेलं पिस्तूल खाली डावीकडे झुकतं. नेम धरायला नळीवर पुढे आणि मागे माशी असते, त्या दोन्हींत अंतर जेमतेम पंधरा सेंटिमीटर. तिथे एक मिलिमीटर हललं तर दहा यार्डांवर सहा सेंटिमीटरचा फरक पडतो. माझी बोटं लहान आहेत, चापावर तर्जनीचं फक्त टोक पोचतं, त्यामुळे मला ते आणखी जड जात होतं. रोज सराव केला तसं बोटाच्या मुळाशी दुखायला लागलं.

हा जोर कुठून आला ते शोधायला मी नियमच वाचायला घेतला. अमेरिकेत ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षेसाठी केंद्राचा आयोग आहे. खेळणी, पाळणे, टोस्टर सगळं त्याच्या कक्षेत येतं. बंदुका मात्र काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, त्यातून मुद्दाम वगळल्या आहेत. म्हणून मॅसॅच्युसेट्सचे तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल (राज्याचे मुख्य कायदा अधिकारी) स्कॉट हार्शबार्गर यांनी राज्याच्या ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार घेऊन पिस्तुलांसाठी सुरक्षेचे नियम काढले. उत्पादक कोर्टात गेले. १९९९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅटर्नी जनरलना तो अधिकार आहे असा निकाल दिला आणि एप्रिल २००० पासून अंमलबजावणी सुरू झाली. ज्या राज्यातल्या स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यात १७९४ पासून १९६८ पर्यंत सैन्याच्या बंदुका घडल्या, तिथेच हे झालं.

नियमात लिहिलंय की सर्वसाधारण पाच वर्षांच्या मुलाला चालवता येणार नाही अशी काहीतरी योजना पिस्तुलात हवी. ते वाक्य मी दोनदा वाचलं. आमची मनू त्याच महिन्यात पाच वर्षांची झाली होती.

ही योजना कशी असावी याची उदाहरणंही नियमात दिली आहेत. चापाला किमान दहा पौंडांचा, म्हणजे साधारण साडेचार किलोचा, जोर लागावा, किंवा लहान मुलाचा हात पुरणार नाही अशी रचना असावी, किंवा गोळी सुटण्याआधी एकापेक्षा जास्त क्रिया कराव्या लागाव्यात. अंगठ्याने खाली करायची सेफ्टी या शेवटच्या मार्गात बसते. माझ्या हातातल्या पिस्तुलासाठी पहिला मार्ग घेतला होता, कारण जाड स्प्रिंग घालणं सर्वांत सोपं.

मनू शाळेत असताना मी पिस्तूल रिकामं केलं, मॅगझिन बाहेर काढलं, चेंबर दोनदा तपासलं आणि भारतात जाताना बॅगा तोलायला घेतलेला काटा चापाला लावला. तेवीस किलोची बॅग तोलणारा तो काटा. हळूहळू ओढत गेले, टक् आवाज झाला तेव्हा आकडा होता ४.८ किलो. पिस्तूल तिजोरीत ठेवलं, कुलूप लावलं.

संध्याकाळी तोच काटा स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या मुठीला अडकवला आणि मनूला म्हटलं, ओढ बघू. एका बोटाने ओढलं तेव्हा २.९ आलं. मग तिने दोन्ही हातांची बोटं पट्ट्यात अडकवली, ओठ मुडपले, एक पाय मागे घेतला आणि ओढलं. ६.३. “आई, किती आले?” तिला मार्क मिळाल्यासारखं वाटलं होतं. मी तिला जवळ घेतलं, आणि ती झोपल्यावर तिजोरीचं कुलूप पुन्हा पाहून आले.

पट्टा ओढणं आणि चाप ओढणं एक नाही, हे मला कळतं. पण लहान मुलं पिस्तूल मोठ्यांसारखं धरत नाहीत. ती ते उलटं फिरवतात आणि दोन्ही अंगठ्यांनी चाप ढकलतात. आईचा फोन आला की तिचा पहिला प्रश्न असायचा, “अगं, लहान पोर घरात असताना हे कशाला?” त्या रात्रीपर्यंत माझ्याकडे ‘नियमच तसे कडक आहेत’ हे एक उत्तर होतं. त्यानंतर ते मला देता येईना. पिस्तूल स्वतःच्या ताब्यात नसेल तेव्हा ते कुलूपबंद हवं असा या राज्यात वेगळा कायदा आहे, आणि माझ्या मुलीला खरोखर वाचवणारा कायदा तो आहे. माझी तिजोरी बोटाच्या ठशाने उघडणारी होती. ती बदलून मी आकड्यांच्या कुलपाची घेतली आणि काडतुसं वेगळ्या मजल्यावरच्या कपाटात, वेगळ्या किल्लीत नेली.

पुढचे महिने मी त्याच चापाशी झगडले. रोज रात्री रिकाम्या पिस्तुलाच्या पुढच्या माशीवर दोन रुपयांचं नाणं ठेवायचं आणि नाणं न पडता चाप ओढायचा. सुरुवातीला दहातून एकदा जमायचं, जुलैपर्यंत दहातून सहादा. रेंजवर गोळ्या काळ्या वर्तुळात यायला लागल्या, पण पंचवीस गोळ्यांनंतर बोट थकायचं आणि पुन्हा खाली डावीकडे. आमच्या भागातली कोल्हापूरची राही सरनोबत २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकली, तिथे चापाच्या जोराची किमान मर्यादा एक किलो आहे. पंच चापाला एक किलोचं वजन टांगून ते उचललं जातं का ते पाहतात. म्हणजे चाप फार हलका नको हा विचार तिथेही आहे. पण नेम धरणाऱ्या माणसाला काय झेपतं तेही त्या आकड्यात धरलेलं आहे.

न्यूयॉर्कच्या पोलिसांची गोष्ट मला प्रशिक्षकांनी सांगितली. तिथे अनेक वर्षं पोलिसांच्या पिस्तुलांना सुमारे बारा पौंडांचा चाप असायचा, चुकून गोळी सुटू नये म्हणून. अशा जड स्प्रिंगला ‘न्यूयॉर्क ट्रिगर’ हे नावच पडलं आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर एका खुन्याने पिस्तूल रोखलं तेव्हा दोन पोलिसांनी सोळा गोळ्या झाडल्या. रस्त्यावरची नऊ माणसं पोलिसांच्या गोळ्यांनी किंवा त्यांच्या तुकड्यांनी जखमी झाली. गर्दी, भीती, काही सेकंदांचा अवधी, हे सगळं त्यात होतं, आणि सगळा दोष चापावर टाकणं बरोबर होणार नाही. पण माझी नळी बोटभर खाली जाताना मी शांत रेंजवर पाहिली होती, त्यामुळे त्या नऊ जणांचा विचार मनातून जाईना.

क्लबमधल्या बऱ्याच जणांनी यावर सरळ उपाय केला होता. नियम विक्रेत्याला आहे, मालकाला नाही. पिस्तूल घ्यायचं आणि कारागिराकडून शंभर-दीडशे डॉलर देऊन हलकी स्प्रिंग बसवून घ्यायची. मला दोघांनी पत्तेही दिले. मी खूप विचार केला. असं केलं की त्या पिस्तुलात जड चापही राहत नाही आणि सेफ्टी तर नव्हतीच. म्हणजे मुलांसाठी केलेल्या नियमातून पार पडून शेवटी घरात येतं ते काहीच आडकाठी नसलेलं पिस्तूल. मला याचं मनापासून वाईट वाटतं. अंगठ्याची सेफ्टी सहसा कोणी काढायला जात नाही, कारण ती नेमाच्या आड येत नाही. स्प्रिंग आड येते, म्हणून ती पहिली निघते. नियमातलं दहा पौंडांचं ते उदाहरण काढून टाकावं आणि बाकीचं ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘पाच वर्षांचं मूल’ हे शब्द तर नक्की ठेवावेत.

डिसेंबरमध्ये दुसऱ्या एका दुकानात काउंटरवरच्या बाईंनी माझी गोष्ट ऐकून घेतली आणि आतून तेच मॉडेल सेफ्टीसह आणून समोर ठेवलं. मी विचारलं, हे या राज्यात चालतं? “कधीपासूनच,” त्या म्हणाल्या. जुनं देऊन ते घेतलं, पुन्हा फॉर्म, पुन्हा एफबीआयची तपासणी. घरी काटा लावला, तीन किलोला किंचित कमी. सेफ्टी वर असताना मी काटा नऊ किलोपर्यंत ओढला, चाप सुटला नाही.

सेफ्टी खाली करायची सवय लागायला तीन आठवडे गेले. पहिल्या दिवशी दोनदा विसरले आणि चाप ओढत राहिले. आता पिस्तूल वर येतानाच अंगठा आपोआप खाली जातो. जानेवारीतल्या एका रविवारी दहा यार्डांवर पाच गोळ्या झाडल्या आणि कागद जवळ आणून पाहिला तर पाचही भोकं दोन रुपयांच्या नाण्याभोवती मावत होती. एनसीसीत उस्ताद असं ग्रुपिंग आलं की कागदावर पेनने सही करायचे. प्रशिक्षकांना मी ते सांगितलं, तेव्हा त्यांनी खिशातून पेन काढून त्या कागदावर सही केली आणि तारीख घातली.

ज्या मैत्रिणी विचारतात त्यांना मी आधी तिजोरी घ्यायला सांगते. मग दुकानात दोन्ही रूपांची पिस्तुलं समोर मागून घ्यायला आणि रिकाम्या पिस्तुलाचा चाप स्वतःच्या बोटाने दहा वेळा ओढून पाहायला सांगते. दहाव्या वेळी बोट थरथरलं तर ते पिस्तूल परत ठेवायचं. बॅगा तोलायचा काटा हवा असेल तर माझा आहे, मे महिन्यात भारतात जाईपर्यंत तो रिकामाच पडून असतो.