उरलेल्या लोकरींचं जॅकेट: पाठ झाली, डावी बाजू सुयांवर

पाठ पूर्ण झाली. खांद्यांचे टाके बंद केलेले नाहीत, जाड दोऱ्यात ओवून ठेवलेत. पुढचे दोन्ही भाग तयार झाले की समोरासमोर धरून तिसऱ्या सुईने एकदमच बंद करीन. पाठीचं वजन भरलं १६५ ग्रॅम. आधी आखलेला ग्राफ (टाक्यांचा चौकटीतला आराखडा) नसताना लोकर पुरेल की नाही हे तराजूच काय ते सांगतो. पुढचे दोन भाग मिळून साधारण पाठीएवढेच, दोन्ही बाह्या मिळून त्याहून जरा कमी, वर गळ्याची आणि बटणांची पट्टी. म्हणजे अजून साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास लागेल. टोपलीत त्याहून पुष्कळ आहे, फक्त त्यातली निम्मी गडद निळी आहे. (गडद निळी लोकर कोण विकत घेतं माहीत नाही, पण उरते मात्र सगळ्यांकडेच.)

फ्रीफॉर्म, म्हणजे ठरलेल्या नमुन्याशिवाय विणणं, म्हटलं की लोकांना वाटतं, सुया हातात घ्यायच्या आणि वाट फुटेल तिकडे जायचं. रंगांच्या बाबतीत मी तसंच करते. मापाच्या बाबतीत अजिबात नाही. जॅकेटचा प्रत्येक भाग खाकी कागदावर खऱ्या मापात कापून ठेवलाय आणि दर चार-पाच ओळींनी विणलेला तुकडा त्यावर ठेवून बघते. पाठ ५२ सेंमी रुंद. ४ मिमीच्या सुयांवर १० सेंमीत २० टाके आणि २८ ओळी, म्हणून १०४ टाके आणि शिवणीसाठी दोन. कोणताही धागा या मापात बसला तरच आत, नाहीतर परत टोपलीत.

धागे मापात बसवताना वेष्टनावरचे मीटर बघायचे. १०० ग्रॅमला २०० ते २३० मीटर असेल तर ती लोकर एकेरी चालते. ४०० मीटर असेल तर दोन पदर. २५ ग्रॅमला २०० मीटरच्या वर जाणारं मोहेर-रेशीम एकटं फारच झिरझिरीत दिसतं, त्याच्या जोडीला ४०० मीटरवालीचा एक पदर घेतला की बरोबर जमतं. दोन पदरांनी जाडी दुप्पट होत नाही, दीडपटीच्या आतच राहते. वेष्टन हरवलेल्या गुंड्यांसाठी मोजपट्टी काढायची. धागा तिच्यावर न ताणता शेजारी शेजारी गुंडाळायचा, एका इंचात किती वेढे बसतात ते मोजायचं आणि मुख्य लोकरीच्या वेढ्यांशी ताडून बघायचं.

या दोन पदरांमुळेच पाठीचा खालचा अर्धा भाग मनासारखा झाला. राखाडी-निळ्याचे दोन पदर चालू होते. हिरव्यावर जायचं होतं, पण पट्टा नको होता. मग एकच पदर सोडला आणि त्या जागी शेवाळी हिरवा घेतला. चार ओळी निळा-हिरवा एकत्र चालला. मग उरलेला निळाही सोडला आणि दोन्ही पदर हिरवे झाले. पुढे त्यातला एक काढून मोहरी पिवळा. रंग असा अर्ध्या-अर्ध्या पावलाने सरकतो आणि एक कुठे संपला, दुसरा कुठे सुरू झाला, हे बोट ठेवून दाखवता येत नाही. बदल ओळीच्या सुरुवातीलाच करायचा असंही नाही. मी मधेच करते, दर वेळी वेगळ्या टाक्यावर, म्हणजे आडवी रेघ उमटत नाही. दोन पदर सुईवर एकमेकांभोवती कसे वळतील ते आपल्या हातात नसतं. एका टाक्यात निळा वर येतो, पुढच्यात हिरवा. ती सरमिसळ मला ग्राफ काढून कधीच साधली नसती.

पाठीच्या वरच्या भागात मात्र वेगळे ठोकळे आहेत, इंटार्शियाने विणलेले. प्रत्येक ठोकळ्याचा धागा स्वतंत्र, मागे लांब धागे सोडायचे नाहीत, आणि जिथे दोन रंग भेटतात तिथे मागच्या बाजूला नवा धागा जुन्याखालून घ्यायचा. तो पीळ दिला नाही तर तिथे चक्क फट पडते. गुंडे लोंबकळत ठेवण्याऐवजी मी हाताच्या अंतराएवढे तुकडे तोडून घेते. गुंता झाला तरी टोक धरून ओढलं की सुटतो. शिवाय तुकडा संपला की रंग बदलायला आयतं निमित्त मिळतं.

रंग निवडण्याबद्दल माझं मत आता पक्कं झालंय. रंग कोणता, यापेक्षा तो किती फिका किंवा किती गडद, हे आधी बघावं. सगळे गुंडे एका रांगेत मांडले, मोबाइलवर फोटो काढला आणि तो कृष्णधवल केला. लाल आणि हिरवा, जे टोपलीत एकमेकांशी भांडताना दिसतात, ते फोटोत अगदी एकसारखे करडे निघाले. म्हणजे ते बिनधास्त शेजारी बसवता येतात, कडा बोचत नाही. उलट फिका गुलाबी आणि फिका पिस्ता दोघेही पांढऱ्याच्या जवळ गेले. असे फिके रंग मी पाठीवर अगदी थोडे, दोन-दोन टाक्यांचे ठिपके म्हणूनच ठेवले. मोठा फिका ठोकळा आला की नजर तिथेच जाऊन बसते, बाकीच्या कामाकडे कोणी बघत नाही.

शेजारामुळे रंग बदलतो, हे पॅरिसमधल्या गोबेलँ या विणलेल्या चित्रपडद्यांच्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख असलेल्या शेव्ह्रूल या रसायनशास्त्रज्ञाने नीट मांडलं. काळा धागा फिका पडतो अशी विणकरांची तक्रार होती. तपासल्यावर रंगाईत दोष नाही, शेजारच्या रंगांमुळे काळा तसा दिसतो, हे त्याच्या लक्षात आलं. १८३९ मध्ये त्याने ते सविस्तर प्रसिद्ध केलं. माझ्याकडे एक मळकट खाकी लोकर आहे, जी एकटी कोणालाच आवडणार नाही. जांभळ्याच्या शेजारी विणली की तीच सोनेरीकडे झुकते. मिश्र रंगांच्या कामात असे दोन-तीन मळकट रंग हवेतच. सगळेच चमकदार घेतले तर एकही चमकत नाही.

जिथे कडा फारच धारदार वाटल्या तिथे बोहुसची युक्ती वापरली. स्वीडनमध्ये एमा याकोबसोन यांनी १९३९ मध्ये बोहुस स्टिकनिंग हे विणकामाचं केंद्र सुरू केलं, ते १९६९ पर्यंत चाललं. त्यांच्या स्वेटरांच्या रंगीत नक्षीत सुलट बाजूने मधूनमधून उलट टाके असतात. नव्या रंगाच्या पहिल्या ओळीत असा एक उलट टाका घातला की जुन्या रंगाचा ठिपका वर येतो आणि सीमा फुटते. सलग उलट टाके घेऊ नका, उंचवटा दिसतो. तीन-चार सुलट, एक उलट, मग पाच सुलट, असं विस्कळीतच बरं.

साहित्याबद्दल थोडक्यात. सुती धागा जड आणि त्याला लवचिकपणा नाही, त्यामुळे अंगठ्याएवढ्याच ठिगळांत आणि चारही बाजूंनी लोकर ठेवून. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री नाही, वाफेने त्याचा जीव जातो आणि वीण लुळी पडते. साध्या लोकरीबरोबर सुपरवॉश (आटू नये म्हणून प्रक्रिया केलेली लोकर) असेल तर थंड पाण्यात, न चोळता धुवायचं, कारण साधी लोकर आटते, सुपरवॉश उलट सैल होते. लाल आणि गडद निळे धागे आधी ओले करून पांढऱ्या फडक्यात दाबून बघितले. एका लालने डाग सोडला, तो बाद.

डावा भाग आता बगलेपर्यंत आलाय. पाठीच्या कडेला जे रंग आहेत तेच पुढे आणायचा प्रयत्न मी करत नाही. फक्त शिवणीपाशी गडदला गडद आणि मध्यमला मध्यम भेटेल एवढं बघते. उजवा भाग याचं प्रतिबिंब असणार नाही. छातीच्या उंचीवर दोन्हीकडे एकाच जागी फिका ठिपका येऊ द्यायचा नाही एवढी एकच खबरदारी, का ते सांगायला नको.

टोकं प्रत्येक ओळीतच मागे गुंफत चाललेय. साध्या लोकरीची दोन टोकं विरळ करून, ओली करून तळहातावर चोळली तर एकजीव होतात. सुती, ॲक्रिलिक आणि सुपरवॉशला हे चालत नाही, तिथे सुईने १५ सेंमीचं टोक ओवणं आलंच.

बाह्या वेगळ्या विणणार नाही. खांदे जोडले की बगलेच्या कडेवरून दर चार ओळींमागे तीन टाके उचलून खाली मनगटाकडे जाईन, म्हणजे अंगाचा भाग समोर ठेवून रंग ठरवता येतील आणि लांबी घालून बघता येईल. पट्टीसाठी दोन सुलट दोन उलट. तिचा रंग अजून ठरलेला नाही. करडा आणि वांगी जांभळा, दोघांचेही छोटे तुकडे विणून धुवायला टाकलेत.