काळ्या दोऱ्याचे टाके

मंगळवार, रात्रीचे पावणेअकरा. पाऊस.

सकाळी गाडीत फजिती झाली. घाटकोपर सुटलं, बटव्याचं तोंड आवळायला गेले, तर नाडी नेफ्याच्या चिंधीसकट हातात आली. विद्याविहार येईपर्यंत माझी सगळी चिल्लर लेडीज डब्यात लोकांच्या पायांखाली. हलायला जागा नव्हती, तरी बायकांनी वाकून वाकून नाणी हातोहात पोचवली. दहाचं एक गेलं ते गेलंच. खिडकीतल्या मावशी म्हणाल्या, "आता चेनवाली पर्स घे बाई." चेनवाल्या दोन आहेत माझ्याकडे. पण गर्दीत न बघता हात घालून तिकिटाचे सुटे काढायला बटव्यासारखं काही नाही.

संध्याकाळी दादरला स्टेशनबाहेरच्या शिंप्याला दाखवला. त्याने उलटासुलटा केला, आत दोन बोटं घालून पाहिली. "मशीनचा पाय आत जाणार नाही ताई. अस्तर उसवून आणा, मग मारून देतो टीप." अस्तर मीच उसवायचं तर राहिलं काय? छबिलदासच्या गल्लीतून हिरवं रीळ, सुती नाडी आणि सुयांचं पाकीट घेतलं. घरात सुया आहेत, पण जुलैपर्यंत त्यांना गंज धरतोच, आणि गंजकी सुई खणाचे धागे ओढून काढते. सुईचा नंबर मोठा तितकी ती बारीक, हे मी दरवेळी विसरते आणि दरवेळी दुकानदार सांगतो.

तिन्हीसांजेला सुई हातात घ्यायची नाही, हा आईचा नियम मी अजून पाळते. सोयीचाच आहे, त्या वेळी कुकर लावायचा असतो.

जेवणं झाल्यावर ब्लेडने अस्तर उसवायला बसले. बटवा खणाचा, कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या. आईच्या चोळीतून उरलेल्या तुकड्याचा. मुळात खणाचा पन्नाच जेमतेम ३०-३१ इंच, त्यातून चोळी बेतल्यावर उरणार किती! त्यामुळे शिवणीत माया, म्हणजे शिलाईबाहेर सोडायचं जादा कापड, अशी ठेवलेलीच नाही. कड शिलाईला टेकलेली, आणि हे कापड कडेने भसाभसा सुटतं. त्यात मधे कधीतरी मीच हौसेने नायलॉनची नाडी घातली होती. नाडी जिथून बाहेर येते ती फट रोज करवतीसारखी कापली जात होती. फाटला त्यात नवल नाही, इतकी वर्षं टिकला कसा तेच नवल.

कसा टिकला ते अस्तर निघाल्यावर दिसलं. तळाच्या शिवणीवर काळ्या, जाड दोऱ्याचे टाके. एक लांब, दोन आखूड, एक भलतीकडेच गेलेला, शेवटी वाटाण्याएवढी गाठ. आईला फोन लावला. "हे तू शिवलंस?"

"हिरव्या खणाला काळा दोरा? मी?" आई खरंच दुखावली. "तुझ्या बाबांचे उपद्व्याप. छत्रीचा दोरा असेल तो."

बरोबर. दर मे महिन्यात बाबा घरातल्या सगळ्या छत्र्या उघडून गॅलरीत मांडायचे आणि कापडाचे सुटलेले कोपरे काड्यांना बांधून काढायचे. त्याच रिळाने हेही केलं असणार, आई ऑफिसात असताना. मागून त्यांचा आवाज आला, "सुटला का टाका?"

"नाही सुटला."

"मग कशाला हात लावतेस?"

नाही लावला. तसं तो तळ सगळा काढून नीट टीप घालायची हे मी मनात ठरवून टाकलं होतं, कारण ते टाके बघवत नाहीत. पण सुईच्या टोकाने एक उचलून पाहिला, तर हलेना.

नेफ्याचं काम मात्र रमून केलं. आतून मऊ सुती पट्टी लावली, म्हणजे नसलेली माया पट्टीने भरून निघते. धावदोरा इथे कामाचा नाही. टीपच घातली, एक टाका पुढे, अर्धा मागे. दोरा मेणबत्तीवरून ओढून घेतला आणि हातभरच ठेवला. तरी ट्यूबलाइटखाली हिरव्यावर हिरवं दिसेना, चष्मा काढून नाकाशी धरून शिवलं. दोन्ही फटींना काजटाके, अगदी लागून लागून. एका फटीलाच पाऊण तास गेला. दुसरीला उरक आला, आणि ती पहिलीपेक्षा जरा वाकडी आहे.

आता नाडी ओवतेय. सेफ्टी पीन नेफ्यात अर्ध्या वाटेवर उघडली आहे आणि मागेही येत नाही, पुढेही जात नाही. उद्या सकाळी बघते. उद्यापुरती चेनवालीच.