बुकमार्क नुसता ठेवून भागत नाही

आज दुपारभर झोटेरो (लिंका, लेख नोटांसकट साठवायचं सॉफ्टवेअर) उघडून बसलो होतो, बारवांच्या (पायऱ्यांच्या जुन्या विहिरींच्या) आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावाच्या लिंका लावायचं काम चालूय. शाळेला सुट्टी होती, लाईटही टिकून होती, त्यामुळं मनासारखं बसता आलं. आपल्या मराठवाड्याचा इतिहास इंटरनेटवर शोधायचा म्हणजे काय असतं ते शोधणाऱ्यालाच कळतं. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात, १९५६ ला मुंबई राज्यात आलो, १९६० ला महाराष्ट्र, त्यामुळं जुने कागद काही हैदराबादकडं, काही मुंबईत, आणि काही तर पार परदेशातल्या लायब्रऱ्यांनी स्कॅन करून टाकलेत. चांगलं काही दिसलं की तिथल्या तिथं धरून ठेवावं लागतं, नंतर सापडेलच असं नाही.

भाचा शेजारी बसून बघायला होता. म्हणला, "मामा, बुकमार्क तर ब्राउझरमधीच असतेत की, ह्याला वेगळं सॉफ्टवेअर कशाला?" मी म्हणलं, अरे ब्राउझरमध्ये पत्ता राहतो, पण तू तिथं कशाला गेलतास ते राहत नाही. फायरफॉक्समध्ये आधी बुकमार्कखाली दोन ओळी लिहायला जागा होती, २०१८ ला ६२ व्या आवृत्तीत ती पण काढून टाकली. माझ्या मते त्या दोन ओळीच महत्त्वाच्या. मी आता लिंक ठेवली की त्याच वेळी नोट लिहितो, मराठीतच, आपण बोलतो तशी. वालूरच्या बारवेखाली लिहिलंय, "ता. सेलू, पायऱ्या गोल फिरत खाली उतरतात, हा फोटो गाळ काढल्यानंतरचा, आधीचा शोधायचा." एवढं असलं की सहा महिन्यांनी उघडलं तरी काम पुढं सरकतं.

झोटेरो म्हणजे खरं तर संशोधन करणाऱ्यांसाठी बनवलेलं, २००६ ला अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातून आलं, आणि फुकट आहे. ब्राउझरमध्ये त्याचं कनेक्टर नावाचं एक्स्टेंशन टाकलं की एका क्लिकमध्ये पान जसंच्या तसं आपल्या कॉम्प्युटरवर उतरतं. मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो कलेक्शनचा, म्हणजे झोटेरोतल्या फोल्डरचा. मी आधी जिल्ह्याप्रमाणं फोल्डर करायचं ठरवत होतो, पण आपल्याकडं जिल्हे तरी कुठं एका जागी थांबलेत, जालना १९८१ चा, लातूर १९८२ चा, हिंगोली १९९९ चा. जुन्या गॅझेटियरमध्ये (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) औंढा नागनाथ परभणीत आहे, आज ते हिंगोलीत. मग ती लिंक ठेवायची कुठं? इथं एकच नोंद दोन्ही कलेक्शनमध्ये राहते, कॉपी होत नाही, आणि एकीकडं नोट बदलली की दुसरीकडं पण तीच दिसते. नावांचं पण तसंच, २०२३ पासून धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर, पण जुन्या पानांवर उस्मानाबाद आणि औरंगाबादच असणार, म्हणून मी दोन्ही नावांचे टॅग लावतो.

आणि २०२४ ला सातवी आवृत्ती आली तेव्हापासून उतरवलेल्या वेबपेजवर थेट हायलाइट करता येतं, त्याच्याआधी ते पीडीएफपुरतंच होतं. पिवळा रंग तारखांना, लाल जिथं शंका आहे तिथं. तेरचंच घ्या. तेर म्हणजे जुनं तगर शहर, असं प्रत्येक पान सांगतं, कशावरून ते बहुतेक सांगत नाहीत, एकमेकांवरून उचललेलं असतं. मी त्या वाक्याला लाल केलं आणि शोधत गेलो, तर पेरिप्लस ह्या ग्रीक प्रवासवर्णनाचा १९१२ चा इंग्रजी अनुवाद हाताला लागला. त्यात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, आणि तिथून कापड, मलमल गाड्यांवरून भडोच बंदराला जायचं असं दिलंय. आता नकाशा उघडला तर तेर पैठणच्या आग्नेयेला आहे, सरळ पूर्वेला नाही! ते पण मार्जिनमध्ये लिहून ठेवलं. मग फ्लीट ह्या इंग्रज संशोधकाचा १९०१ चा लेख जोडला, तगर म्हणजे तेर हे त्यात मांडलंय. तिन्ही नोंदी एकमेकीला 'रिलेटेड' करून टाकल्या. आता एक उघडली की बाकीच्या दोन समोर. हे करताना मला फार बरं वाटलं, खरंच, इतके दिवस सुट्या सुट्या होत्या त्या गोष्टी.

पान स्वतःच्या डिस्कवर असणं किती गरजेचं आहे ते पण लिहून ठेवतो. एका सरकारी साईटचं रूप बदललं आणि मंदिरांच्या माहितीची सगळी जुनी पानं गेली, काही वेबॅक मशीनवर (जुनी वेबपानं जपणारी साईट) मिळाली, काही नाहीच. लिंका साठवायची पॉकेट ही सेवाच ८ जुलै २०२५ ला बंद झाली. झोटेरोच्या फायली फुकटात सिंक करायला (त्यांच्या सर्व्हरवर ठेवायला) ३०० एमबी मिळतात, फोटोवाली पानं असली तर ते लवकर भरतं, म्हणून मी फायलींचं सिंक बंद ठेवलंय, नोटा आणि टॅग तेवढे सिंक होतात, त्याला मर्यादा नाही. डेटाचं पूर्ण फोल्डर दर रविवारी पेन ड्राइव्हवर, प्रोग्राम आधी बंद करून.

जिंतूरजवळच्या चारठाण्याचं कलेक्शन अजून बाकी आहे. तिथल्या मानस्तंभाबद्दल (उंच दगडी खांब) बरंच सापडलंय पण बारवेवर थोडंच, आणि भाचा म्हणला पुढच्या आठवड्यात जिंतूरला जायचंय तर मामा आपण जाऊन स्वतःच फोटो काढू. ते फोटो, तारीख टाकून, ह्याच नोंदीला जोडायचे.